कोणीतरी मुऱ्हाळी

दिवाळीला मला कोणी बोलावलं नाही तरी माझं काही अडत नाही. फराळ जळगावात दुकानातही मिळतो. आखाजीचं तसं नाही. होळी पेटली की माझं अर्धं चित्त पारोळ्याजवळच्या आमच्या गावाकडे लागतं. शाळेत पेपर तपासताना डोळ्यांपुढे परसातला कडुनिंब येतो, त्याला टांगलेला झोका येतो, खापरावर भाजायला टाकलेला मांडा येतो. बाकीच्या महाराष्ट्राला अक्षय तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आम्हा खानदेशी बायकांना ती आखाजी, माहेरी जायचा दिवस. झोक्यावर बसायचं आणि गाण्यातून सासरच्यांचा उद्धार करायचा. त्याचा जाब कोणी विचारत नाही, म्हणून तर वर्षभर वाट बघायची.

यंदा ही वाट बघणं मोबाइलवर सुरू झालं. मोठ्या भावाने ग्रुप काढला, त्यात चुलत, आते, मावस सगळी भरली. आचारी ठरला, मांडव ठरला. बायकांनी पिवळ्या साड्या नेसायच्या, म्हणजे फोटो चांगले येतात. मलाही हुरूप आला, खोटं कशाला बोलू. मी बाजारात जाऊन पिवळी साडी घेऊन आले आणि रोज रात्री कपाट उघडून तिच्याकडे बघून घेतलं. त्या गडबडीत भावाने एक ओळ टाकली, "अक्काला पिंपळनेरहून कोणीतरी घेऊन या." खाली धडाधड अंगठे आले. धाकट्या भावाचा आला, चुलत भावांचे आले, पुण्याहून आले, सुरतेहून आले. मी विचारलं, कोणीतरी म्हणजे कोण? तर माझ्या प्रश्नाखाली कुल्फी केशराची की मलईची यावर चर्चा सुरू झाली.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची एकुलती बहीण. नवरा कधीच गेला, मुलगा सुरतेला. ती पिंपळनेरला एकटी राहते, शेजारी तिची जाऊ. लेकीला माहेरी न्यायला जो येतो त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि वडील होते तोवर आखाजीच्या आदल्या दिवशी ते स्वतः अक्काचे मुऱ्हाळी होऊन जात. घरात कितीही काम पडलेलं असो, ते जात. त्यांच्यामागे दोघे भाऊ आलटून पालटून जाऊ लागले, कुरकुरत का होईना. अक्काचा एकच हट्ट. एसटी आहे, जीप आहे, सगळं आहे, पण मुऱ्हाळी आल्याशिवाय ती उंबरठा ओलांडणार नाही. लेक बोलावणं आल्यावर जाते, आठवण करून द्यायला जात नाही, असं ती म्हणते. मला यात हट्ट काही दिसत नाही. वर्षातून एकदा कोणीतरी आपल्यासाठी उठून यावं, एवढंच तर बाई मागते.

आदल्या दिवशी सकाळी मी गावी पोचले. ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगलेला. आखाजीला आमच्याकडे पुरुष पत्ते खेळतात. तीही रीतच आहे, आणि ही रीत बरी कोणाच्या ध्यानातून जात नाही. वहिनी सांजोऱ्या तळत होती. आखाजीला पितरांसाठी पाण्याने भरायची ती वडिलांच्या नावाची घागर धुऊन पुसून कोनाड्याजवळ उपडी ठेवली होती. दरवर्षी ती आधी अक्का भरते, मग आम्ही. मी विचारलं, अक्का कुठे आहे? वहिनीने ओट्याकडे बोट केलं, म्हणाली त्यांनाच विचारा.

मोठा म्हणाला, धाकटा जाणार होता. धाकटा म्हणाला, मला वाटलं दादाने चुलत भावाला सांगितलंय. चुलत भाऊ म्हणाला, मी तर अंगठा दिला होता, म्हणजे बघितलं, एवढंच. मग मोठ्यानेच निकाल लावला, की अक्काला फोन केलाय, बसने ये म्हटलंय, येईल तिची ती. आणि वर पान टाकत म्हणाला, या जमान्यात कसले मुऱ्हाळी घेऊन बसलात.

माझं डोकं सणकलं. या जमान्यात घागर चालते, मांडे चालतात, तीन दिवस पत्ते कुटलेले चालतात, फक्त म्हातारीला आणायला जायचं तेवढं जुनाट झालं. आमच्या आजोबांना सही येत नव्हती, ते अंगठा उठवायचे. पण त्यांनी अंगठा उठवला की तो त्यांच्या गळ्यात असायचा. हे शिकलेले लोक. यांचा अंगठा म्हणजे नुसता ठेंगा.

मी अक्काला फोन लावला. पहिल्या रिंगलाच तिने उचलला.

"वट्टावर बठेल शे," ती म्हणाली. "पिशवी भरेल शे. कोन येई राहयना वं लेवाले?"

न्यायला कोण येतंय एवढंच तिने विचारलं, बसचं नावसुद्धा काढलं नाही. मी म्हटलं, निघालाय, पोचेलच. फोन ठेवला आणि पत्त्यांशेजारी पडलेली गाडीची चावी उचलली. मोठा भाऊ हसला. "बाई कुठे मुऱ्हाळी जाते का?"

"पुरुष गेला असता तर बाईला जावं लागलं नसतं," मी म्हटलं.

धुळ्यापर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. धुळ्यानंतर मनातल्या मनात जमेना, तेव्हा मोठ्याने दिल्या. वैशाखाचं ऊन, काचेतून भाजणारा हात, आणि समोर मोकळा रस्ता. एवढे पुरुष घरात, चार चाकांच्या एवढ्या गाड्या मांडवाबाहेर, आणि एकाला दुपार मोडवली नाही. साक्री गेल्यावर राग जरा खाली बसला तशी भीती वाटायला लागली. अक्का मला बघून काय म्हणेल? मीसुद्धा माहेरवाशीणच. मुऱ्हाळी म्हणून तिने मला मानलंच नाही तर?

ओट्यावर अक्का इरकली नेसून बसली होती, पिशवी मांडीशी. बाजूला जाऊ आणि गल्लीतल्या दोघीतिघी. त्या कशासाठी बसल्या होत्या ते कळायला मला वेळ लागला नाही. मी गाडीतून उतरले तशी अक्काने माझ्या मागे बघितलं.

"भाऊ मांगे शे का गाडीमा?"

"नही अक्का," मी म्हटलं. "मीच शे."

जावेने पदर तोंडाला लावला. ती हसत होती. अक्काने उघड्या गाडीत पुन्हा एकदा नजर टाकली, मग गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मना भाऊनी धाडेल शे तिले," तिने जावेला सांगितलं. वडील गेल्याचं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. जावेचा पदर खाली आला.

आत पाट मांडलेला होता. ताटात शेवया, तूप, भजी, सगळं गार झालेलं. मुऱ्हाळ्याला जेवू घालायचं आणि टोपी-टॉवेल द्यायचा, ही सासरची रीत. सासर म्हणजे आता ती एकटीच. पाटाशेजारी नवा टॉवेल आणि घडी न मोडलेली पांढरी टोपी ठेवली होती. मी म्हटलं, अक्का, उशीर होईल. ती म्हणाली, मुऱ्हाळी उपाशी निघत नसतो. मी पाटावर बसले. ती समोर बसून वाढत होती, म्हणून सगळं खाल्लं. हात धुतल्यावर तिने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला, टोपी उघडली आणि माझ्या डोक्यावर घातली. मला हसू आलं नाही. दारातल्या बायकाही हसल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर कोण का आलं नाही हे तिने विचारलंच नाही. धुळे मागे पडल्यावर फक्त म्हणाली, "मी बठ्ठी गल्लीले सांगी टाकेल व्हतं, मना मुऱ्हाई यी म्हनीन." सगळ्या गल्लीला तिने सांगून ठेवलं होतं. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. सकाळपासून त्या बायकांसमोर बसून तिने काय सोसलं असेल ते मला आता कळलं. मी टोपी काढली नाही.

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. डाव चालूच होता. मला तशी बघून सगळा ओटा हसला. धाकट्याने पत्ते टाकून मोबाइल काढला. अक्का मध्ये, मी शेजारी, डोक्यावर टोपी. मोठा उठून अक्काच्या पाया पडला आणि मला म्हणाला, आली ना अक्का? उगाच तापलीस. असं वाटलं, टोपी काढावी आणि त्याच्या तोंडावर फेकावी. यांनी म्हातारीला टोपी घातली होती, तिने ती माझ्या डोक्यावर ठेवून मान दिला होता, आणि हे त्याचा फोटो काढत होते.

फोटो ग्रुपवर गेला. खिशाखिशात मोबाइल वाजायला लागले. अक्काने चष्मा नीट करून धाकट्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये डोकावलं आणि विचारलं, हे एवढे अंगठे कोणाचे? धाकटा कौतुकाने म्हणाला, आपल्या घरच्या सगळ्यांचे. तू आलीस म्हणून सगळ्यांना आनंद झालाय.

अक्काने एकेक अंगठा नीट बघून घेतला.

"मंग पुढला साल बठ्ठाच येतीन का माले लेवाले?"

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. धाकट्याने मोबाइल खिशात घातला. मोठा खाली बसला आणि पत्ते पिसायला लागला.