नकाशातल्या मुंग्या

बारीक रेघ ओढण्यात ठाण्याच्या मोजणी कचेरीत माझा हात कुणी धरू शकत नव्हता. हे मी सांगत नाही, आमचे हेडकारकून चारचौघांत सांगत. पहिल्या मोजणीच्या वेळचे गावोगावचे नकाशे जुने होऊन घड्यांवर फाटायला आले होते. ते मेणकापडावर उतरवून नव्या प्रती करायच्या, हे आमचं काम. एकदा टाक धरला की माझ्या हाताला कंप म्हणून ठाऊक नव्हता. आता चहाची बशी धरली तरी हात थरथरतो, आणि खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्या कामातली एक गंमत सांगतो. गंमत कसली, पाप आहे ते, पण आम्ही तेव्हा हसायचो. नकाशात शेतांना नंबर असतात, हद्दी असतात. ताळा घेणारा कारकून तेवढंच तपासायचा. पण जुन्या मोजणीदारांनी शेतांच्या बाहेर, डोंगरात, आणखी काय काय टिपून ठेवलेलं असे. एखादं झाड, पाणवठा, पायवाटेचे ठिपके, शेंदूर लावलेला दगड. त्यांना नंबर नाही, सारा नाही, त्यांचा ताळाही कुणी घेत नाही. त्या बारक्या खुणांना आम्ही मुंग्या म्हणायचो. घाई असली की त्या गाळायच्या, याला मुंग्या मारणं म्हणत. संध्याकाळी कचेरी सुटताना एकमेकांना विचारायचं, काय रे, आज किती मुंग्या मारल्यास? आणि हसायचं. सपाटीवरच्या गावांत मुंग्या थोड्या. डोंगराकडच्या गावांत वारुळंच्या वारुळं.

आम्ही मूळचे डोंगराकडचेच. मलंगगडाच्या अंगाला एक वाडी होती, ती तापाच्या साथीत ओस पडली. आगगाडी कल्याणला यायच्या आधीची गोष्ट. घरातली मोठी माणसं गेली आणि माझा बा आपल्या थोरल्या भावाचं बोट धरून खाली उतरला. माझ्या त्या चुलत्याने कोपरच्या खाडीकाठी मिठागरात काम करून बाला वाढवला. स्वतः लग्न केलं नाही. पाय मिठाने फुटलेले असायचे, तरी धाकट्याला मिठागरात उतरू दिलं नाही, असं बा सांगायचा. मिठागरातच एका उन्हाळ्यात तो गेला.

आमच्या वाडीची एक रीत होती. घरातला कर्ता पुरुष गेला की त्याचा चिरा बसवायचा. चिरा म्हणजे उभा घडवलेला दगड, त्यावर चंद्र-सूर्य आणि खाली माणूस कोरलेला. तो कुठेही बसवून चालत नाही. वाडीच्या वर एका उंबराखाली पूर्वजांचे चिरे ओळीने होते, त्याच ओळीत तो लागला पाहिजे. नाहीतर गेलेल्याला आपली माणसं सापडत नाहीत, तो वाटेवरच राहतो. बाने हातात चार पैसे आल्यावर कल्याणच्या पाथरवटाकडून भावाचा चिरा घडवून घेतला. माणसाच्या हातात मीठ ओढायचं फावडंसुद्धा कोरवून घेतलं. पण तोवर तो सगळा डोंगर जंगलखात्याने हद्दीत घेतला होता आणि वर जायची बंदी झाली होती. चिरा आमच्या परसात भिंतीला टेकून राहिला. दर अवसेला बा त्याच्यापुढे भात ठेवायचा. मला त्याची लाज वाटायची. कचेरीतलं कुणी घरी यायचं असलं की मी त्याच्यावर गोणपाट टाकून ठेवी.

कारण कचेरीत मी सांगून ठेवलं होतं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कल्याणचेच. तिथे सगळे शिकल्या घरांतले. मी शाळेत हुशार निघालो म्हणून मास्तरांनी मला पुढे काढलेलं. कुणी मूळ गाव विचारलं की मी पटकन दुसरंच काहीतरी बोलायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एके दिवशी बा बाजारातून आला तो हसतच. जंगलखात्याचे कुणी साहेब कल्याणच्या धर्मशाळेत मुक्कामाला येणार होते. डोंगरातल्या लोकांचे जुने हक्क ऐकून घेणार होते. कुठलं देवस्थान, कुठली पायवाट पहिल्या मोजणीच्या नकाशात दाखवलेली असेल, तर तेवढी मोकळी करून देणार होते. बाला अक्षरओळख नव्हती, पण मोजणी झाली ते त्याला पक्कं माहीत होतं. वाडी ओस पडल्यावरसुद्धा थोरला भाऊ वर्षातून एकदा चिऱ्यांना शेंदूर लावायला त्याला घेऊन जाई. एका खेपेला तिथे साखळी घेऊन मोजणीदार आले होते. एकाने उंबराच्या सावलीत बसून भाकर खाल्ली, मग चिरे मोजून वहीत लिहिले. सात चिरे, आणि आठव्याची जागा मोकळी. बाने मला तीनदा सांगितलं. मग म्हणाला, "तुज्या कचेरीन तो नकाशा असंल. बग ना बाबा. एवढं एक काम कर माजं."

त्याने जन्मात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी आमच्या वाडीच्या गावाचा नकाशा काढला. नवी प्रत वरच होती. उघडली, आणि कोपऱ्यात उतरवून घेणाऱ्याची सही पाहिली. माझीच. वाडीच्या वर डोंगराच्या उताराच्या रेघा काढलेल्या होत्या, काय सुरेख, एकसारख्या. बाकी काही नव्हतं. उंबर नाही, चिरे नाहीत, वाट नाही.

मला तो दिवस लख्ख आठवला. थंडीचे दिवस होते. एका सोबत्याच्या मळ्यात, ठाण्याच्या तळ्यापलीकडे, पोपटीचा बेत होता. मडक्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याचा पाला घालून भाजत होते आणि मला उशीर होत होता. त्या दुपारी मी तो नकाशा उतरवला, आणि पोपटीवर पोचल्यावर सगळ्यांना ऐटीत सांगितलं की आज चौदा मुंग्या मारून आलोय. केवढे हसलो होतो! गावाचं नाव मी वाचलं नसेल असं नाही. वाचलं असणार. पण आपलं गाव कुठलं हे दडवता दडवता ते मी खरोखरच विसरलो होतो.

मूळ नकाशा मात्र अजून होता. दफ्तरखान्यात जुन्या कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले असतात, त्यातला एक मी सोडला. धुळीने शिंका आल्या. घडी उलगडली आणि बघतो तर वाडीच्या वर एक झाड, झाडाखाली ओळीने सात उभ्या रेघा, आणि वाडीपासून तिथवर ठिपक्यांची वाट. कडेला कुणा मोजणीदाराच्या मोडी अक्षरात 'चिरे' असं लिहिलेलं. मी मोजले. एक, दोन, तीन, करत पुरते सात. बा म्हणाला तेवढेच. तो मोजणीदार मराठी माणूसच असणार, भाकर खाल्ल्याच्या मिठाला जागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेही सांगतो. आजा, पणजा, खापरपणजा, ज्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत ते सगळे त्या कागदावर उभे होते.

मग मी काय केलं? तो कागद घेऊन हेडकारकुनांकडे जायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, माझी प्रत चुकली, मूळ हे आहे. पण मग त्यांनी माझ्या सगळ्याच प्रती पुन्हा तपासायला काढल्या असत्या. त्याच महिन्यात माझी जागा कायम व्हायची होती. आणि हे तुला कसं कळलं, असं विचारलं असतं तर? मग माझा बाप परसात दगडापुढे भात ठेवतो, हे सांगावं लागलं असतं. मी घडी पुन्हा केली, रुमालाची गाठ पूर्वीपेक्षा घट्ट मारली आणि तो वरच्या फळीवर टाकून दिला. घरी येऊन बाला सांगितलं की अजून शोधतोय.

पुढचं तर माझ्या बायकोलाही मी कधी सांगितलं नाही. चौकशीच्या साहेबांना नकाशे उलगडून दाखवायला कचेरीतून एक माणूस हवा होता. मी कल्याणचा, म्हणून मलाच पाठवलं. नाही म्हणायला कारण सुचेना. धर्मशाळेच्या ओसरीवर साहेब खुर्चीत, शेजारी आमचे हेडकारकून, आणि मेजापाशी मी. खाली अंगणात डोंगरातली माणसं बसलेली. त्यांत बा. धुतलेलं धोतर, डोक्याला नवं पागोटं. मला बघून त्याचा चेहरा उजळला. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, शेजारच्या हेडकारकुनांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. त्याला काय समजायचं ते समजलं. नंतर त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याची पाळी आली. उभा राहून त्याने वाडी सांगितली, उंबर सांगितला, सात चिरे सांगितले. भावाचा चिरा तयार आहे, तेवढा एकदा वर नेऊन बसवू द्या, मग जन्मात पुन्हा येणार नाही, म्हणाला. साहेब भला माणूस होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नकाशा उघडायला सांगितलं. मी माझी प्रत उघडली. साहेबाने बोट फिरवलं आणि मला विचारलं, इथे काही दाखवलेलं आहे का?

"नाही साहेब," मी म्हणालो. "काही नाही."

एवढेच शब्द. म्हाताऱ्याला बसायला सांगून पुढच्या माणसाला हाक गेली. हा माझा बाप आहे, हे मी बोललो नाही, आणि हा माझा मुलगा आहे, हे बासुद्धा बोलला नाही. मी लाजेने गप्प होतो. तो माझी लाज झाकायला गप्प होता. झाकली मूठ म्हणतात, पण त्या मुठीत काय होतं ते आम्हां दोघांनाच ठाऊक.

संध्याकाळी मला वाटलं तो चार शब्द सुनावील. सुनावले असते तर बरं झालं असतं, मी कदाचित सगळं ओकून टाकलं असतं. तो परसात चिऱ्यापाशी बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "नकाशान नाय, मंग माजीच चूक असंल. ल्हान व्हतो मी. दुसऱ्याच डोंगरान पायलं असंल. तुला फुकट तरास दिला."

मी म्हणालो, असू दे बा. शेण पडो माझ्या तोंडात, एवढंच म्हणालो.

तिथून त्याचा धीर गेला तो गेलाच. आधी उंबर होता की वड, यावर तो अडकायला लागला. मग वाडीची वाट कुठून वर चढते ते विसरला. भावाच्या डाव्या गालावर व्रण होता असं आयुष्यभर सांगणारा माणूस मला विचारू लागला, होता ना रं व्रण, का तोही मीच रचला? जी गोष्ट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती ती एका कागदाने खोटी ठरवली, आणि त्याने कागदावर विश्वास ठेवला. अवसेचा भात त्याने बंद केला. कुणासाठी ठेवू, म्हणाला, तो कुठल्या डोंगरातला तेच आठवत नाही.

दोन पावसाळ्यांनी तो गेला. माझी जागा तोवर कायम झाली होती.

बाराव्यानंतर मी दफ्तरखान्यात गेलो. या वेळी हेडकारकुनांकडे जायचं अगदी ठरवून गेलो होतो. फळी रिकामी होती. नव्या प्रती झाल्या म्हणून फाटके मूळ नकाशे हुकमाप्रमाणे जाळून टाकले होते. ते सात चिरे आता कुठल्याच कागदावर नव्हते.

मग मी एक बैलगाडी केली. चिऱ्यावर फावड्याच्या बाजूला पाथरवटाकडून आणखी एक माणूस कोरून घेतला, थोरल्याचं बोट धरलेला. गोणपाट न टाकता चिरा गाडीत ठेवला आणि मलंगगडाच्या वाटेला लागलो. रस्त्यात लोक बघत होते. बघू देत म्हटलं, पण आता बघून काय उपयोग?

जंगलखात्याच्या हद्दीच्या दगडापाशी राखणदाराने गाडी अडवली. तिथून वर पाहिलं तर उंबर दिसत होता. वडबिड नाही, उंबरच. त्याच्या बुंध्याशी गवतातून दगडांची डोकी वर आलेली होती, आणि डाव्या टोकाला मोकळी जागा. बाने सांगितलं होतं तसंच, तसूभर इकडे तिकडे नाही. मी राखणदाराला हात जोडले. तो काही वाईट माणूस नव्हता. नोकरीचा प्रश्न आहे, म्हणाला, आणि पिशवीतून नकाशा काढून माझ्यापुढे धरला. माझ्या प्रतीवरून काढलेली प्रत होती ती. रेघा तशाच, एकसारख्या.

"हा नकाशा मी काढलाय," मी म्हणालो. "तो चुकीचा आहे." सबंध आयुष्यात हे मी पहिल्यांदा कुणापाशी तरी बोललो.

त्याने माझ्याकडे, मग गाडीतल्या दगडाकडे पाहिलं. बाप गेलेला माणूस आहे, डोकं ठिकाणावर नसेल, असं त्याला वाटलं असणार. अगदी समजुतीने म्हणाला, सरकारी नकाशा कसा चुकेल साहेब, तुमचीच काहीतरी चूक होत असेल.

हो, मी म्हणालो, माझीच. आणि गाडीवानाला गाडी वळवायला सांगितली.