पोरगी कोनापाशी निजते

त्या दिवशी घरात मी होती, माही सून होती, कमरेचं हाड मोडून बाजेवर पडलेला माहा पोरगा होता, सुनेच्या मांडीवर दूधपिती नात होती, आन अमरावतीहून आलेली शिकलेली बाई होती. बस, एवढेच.

आमचं गाव भातकुलीच्या अंगाले. तान्हे लेकरं कशे निजतेत, कशे पेतेत, हे ते बाई गावोगाव पाहून रायली होती. मले म्हणे, "आजी, बाळ कोणाजवळ झोपतं?"

"मायच्या कुशीत. अजून कुठं निजवतेत?"

"काही देशांत वेगळ्या खोलीत झोपवतात."

"काहून? त्यानं काय गुन्हा केला?"

बाई हासली. पोरगाही हासला, मंग कमर धरून कन्हला. नात तं झोपेतच पिऊन रायली होती. बाई म्हणे, हेच चांगलं. लेकरू आंगाशी निजलं, घडीघडी ओढत रायलं, तं दूध टिकते.

सून खाली पाहून म्हणे, "सोमवारी मी वरूडले चालली, संत्र्याच्या पेट्या भराले. मुकादम म्हणते, लेकरू आनू नका."

"तिथं हातानं दूध काढत जा, म्हणजे आटणार नाही."

"पेट्या भरू का दूध पिळू, बाई?"

बाईनं पेन ठेवून देला. पोरगा भिंतीकडं तोंड करून पडला. तो उठता असता तं सुनेले जावंच लागलं नसतं.

सून गेली. तिथं पयले काही दिवस दुधानं झंपर ओलं व्हाये, म्हणे. संत्र्याच्या ढिगापाशी बसून पदर दाबून धरे. मंग तेही बंद झालं. इकडं मी वाटी-चमच्यानं बकरीचं दूध पाजत होती. पोट भरे, पन नीज येत नव्हती. मंग मी माही सुकी छाती तिच्या तोंडात देत होती. ओढे, रडे, थकून निजे.

हंगाम सरला, सून आली. हातपाय धुवून लेकरू मांडीवर घेतलं. पोट्टीनं तोंड फिरवलं, माह्याकडं हात केले. मेथी, अळीव, सारं खाऊ घातलं सुनेले. दूध काही आलं नाही. बाई पुन्हा आली तवा सूनच म्हणे, "लिहून घ्या बाई, आता पोरगी आजीपाशी निजते." बाईनं पेन काढलाच नाही.

सून आता पोरीले मागतही नाही. पुढच्या हंगामाले ते पुन्हा जानार हाये. मी थकली, किती दिवस पुरीन?

वाचनाऱ्याले एकच म्हनते. तुमच्याकडं ओली बाळंतीन कामाले आली, तं तिच्या लेकराले संगं येऊ द्या जी.