इंगळेदादांची चार माणसं

सुधाकर इंगळे यांना मी फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्याविषयी चांगलं लिहायला बसलो की माझा हात हळूहळू मलाही चांगलं करायला लागतो. असे लिहिलेले कागद याआधी फाडून टाकलेत.

मी मालिकांना पार्श्वसंगीत देतो. अंधेरीला एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा छोटा स्टुडिओ आहे. इंगळेदादा व्हायोलिन वाजवायचे, आणि व्हायोलिन, व्हिओला, चेलो या तारवाद्यांनी कुठे काय वाजवायचं तेही लिहून द्यायचे. नोकरी कुठेच नव्हती. ज्याचा फोन येईल त्याच्याकडे जायचं. "आपण नाका कामगार रे," ते म्हणायचे. "सकाळी उभं राहायचं, कुणी टेम्पो थांबवून चल म्हणालं की चढायचं. फावड्याच्या जागी व्हायोलिनचा बो, एवढाच फरक."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका रिकाम्या खुर्चीला दम देत होते. मी तेव्हा गोरेगावात एका संगीतकाराच्या हाताखाली होतो. वादकांचा ताफा परवडत नसला की एकाच माणसाला बोलावून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून घेतात आणि एकावर एक चढवतात. असं काम आलं की बाकीचे वादक एकाच जागी बसून ते उरकतात. इंगळेदादा दर खेपेला खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवत आणि दुसराच माणूस होऊन बसत. पहिल्या खेपेला ते स्वतः. मग पेडणेकर, म्हणजे तारेवर बो दाबून धरणारा, कायम घाईत, मुलीला क्लासवरून आणायला निघालेला. मग बाबूराव, मागच्या रांगेतला, सुराला खालून येऊन हळूच चिकटणारा. शेवटी मिस परेरा. पाठ ताठ, हात हलका, कोणाशी बोलणं नाही. ही सगळी माणसं त्यांनीच जन्माला घातलेली. काचेपलीकडून मला ऐकू आलं, "पेडणेकर, जरा दम खा ना. पोरगी कुठे पळून जात नाही."

मी नंतर भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "सगळ्यांनी अगदी बरोबर वाजवलं ना, तर एकच माणूस मोठ्याने वाजवतोय असं वाटतं. चार माणसं पाहिजेत तर चार खोडी पाहिजेत."

ते विक्रोळीचे. वडील तिथल्याच कारखान्यात. काकांची भीमगीतांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत ट्रकवर उभं राहून त्या पार्टीत वाजवता वाजवता हात बसला. नोटेशन मात्र वांद्र्याच्या एका म्हाताऱ्या सरांकडे शिकले. "काकांनी कान दिला, सरांनी कागद," असं सांगायचे, आणि लगेच पुढे, "घर चालवायला दोघांनी काय दिलं ते विचारू नको."

घर शिकवण्यांवर चालायचं. मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांत मुलांना शिकवून ते बस बदलत अंधेरीला यायचे. व्हायोलिनची पेटी पाठीवरून उतरवली की बराच वेळ उजवा खांदा चोळत बसायचे. कुणी लवकर करा म्हटलं तर म्हणायचे, "मी आलोय, हात अजून यायचाय."

एकदा एक निर्माता काचेशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, सून घर सोडून जातेय, अजून रडवा ना." इंगळेदादांनी बो मांडीवर ठेवला. "साहेब, ती तिसऱ्यांदा सोडून जातेय. आता शेजारीपण दार उघडून बघत नाहीत. तुम्ही म्हणता तर रडवतो, पण चौथ्यांदा जाईल तेव्हासाठी काही ठेवू का नको?" निर्माताही हसला. मग त्यांनी तोच तुकडा आधीपेक्षा हळू वाजवला, आणि तोच ठेवला गेला.

स्वतःचा स्टुडिओ झाल्यावर मी सगळी कामं त्यांनाच देत होतो. हे मी माझ्या बाजूने फार वेळा सांगितलं आहे. खरं असलं तरी त्याने पुढचं बदलत नाही.

एका दुपारी काम लवकर संपलं. ते पेटी बंद करत होते. मी म्हटलं, "दादा, नवीन माईक आणलाय. टेस्टिंगला एकेक सूर देता का? लांब, तोकडा, हळू, जोरात."

"आत्ताच पाहिजे?"

"तुम्ही आहात तर होऊन जाईल."

त्यांनी खांदा एकदा फिरवला आणि परत बसले. "कुणाचे देऊ?"

"चौघांचे द्या."

खुर्ची सरकवत, माणूस बदलत त्यांनी सगळे सूर दिले. माईक नवीन नव्हता. मी ते सूर एकेक करून कापले आणि कॉम्प्युटरमध्ये असे बसवले, की कीबोर्डची पट्टी दाबली की इंगळेदादांचं व्हायोलिन वाजावं. पेडणेकर, बाबूराव, मिस परेरा, सगळे माझ्या बोटांखाली आले. त्यानंतरच्या मालिकांना मला त्यांची गरज पडली नाही.

ते अधूनमधून फोन करायचे. "काय रे सतीश, काही आहे का?"

"बजेट नाही दादा."

"बरं. असलं तर सांग."

एवढंच. कधी लावून धरलं नाही. लावून धरलं असतं तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं, असं मी स्वतःला सांगायचो. पुढे एका मित्राने विचारलं, हा तारांचा आवाज कुठून आणलास. मी फुशारकीने ती फाइल त्याला दिली. त्याने आणखी कुणाला दिली. आता ती किती जणांकडे आहे हे मला माहीत नाही, आणि परत गोळा करता येईल अशी ती वस्तूही नाही.

हल्ली एक रीत पडली आहे. खाली सगळं कॉम्प्युटरचं ठेवतात आणि वर एक खरा वादक वाजवून घेतात, म्हणजे सगळंच खरं वाटतं. एका निर्मात्याने तसा हट्ट धरला आणि मी कितीतरी काळाने इंगळेदादांना फोन केला. ते आले. केस विरळ झाले होते, पेटी तीच. वाजवणाऱ्याच्या कानात नुसता पियानो द्यायला हवा होता, खालच्या, कॉम्प्युटरमधल्या तारा बंद करायला हव्या होत्या. मी विसरलो. इतकी वर्षं ते सूर वापरून वापरून मला ते माझेच वाटायला लागले होते.

हेडफोन लावून त्यांनी पूर्ण तुकडा ऐकला. म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा ऐकला. मग काचेकडे न बघता म्हणाले, "पेडणेकरला जरा मागे घे. फार पुढे येतोय."

मी पेडणेकरच्या सुरांचा आवाज कमी केला. त्यांनी वाजवलं, फार चांगलं वाजवलं. त्या चौघांना जागा ठेवून वाजवलं. मग बो सैल केला, तारांवरची राळेची पूड पुसली, "येतो" म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप कशाने लागलं होतं ते मी बरेच महिने शोधत राहिलो. ते शोधणं म्हणजे टाळणंच होतं. शेवटी एका दुपारी विक्रोळीला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. इंगळेदादा बनियनवर बसून कुणा विद्यार्थ्याच्या व्हायोलिनला तार लावत होते. मी बसलो आणि बोलत सुटलो. हल्ली सगळेच करतात, निर्माते ऐकत नाहीत, मी केलं नसतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं.

मध्येच वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळी मालिका लावली की हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात. मला वाटायचं, सासवा-सुनांचा वीट आलाय."

मी दादांकडे पाहिलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"माझा हात मला ओळखू येणार नाही होय?"

"मग त्या दिवशी आलात कशाला?"

"तू बोलावलंस. काम होतं." तार पिळून त्यांनी बोटाने छेडून पाहिली. "काम गेलं त्याचा राग आहेच, नाही कशाला म्हणू. पण तू टेस्टिंग म्हणालास रे. मी सकाळपासून शिकवण्या करून आलेलो, खांदा वर होत नव्हता. म्हटलं, टेस्टिंगच तर आहे, उरकून टाकू. कसंतरी वाजवलं. दमलेलं वाजवलं. आता रोज घराघरात तेच वाजतं आणि मला पुसता येत नाही. खरं सांगितलं असतंस तर कदाचित नाही म्हणालो असतो. हो म्हणालो असतो, तर एखाद्या सकाळी ताजा होऊन आलो असतो."

"दादा, आपण पुन्हा करू. माझ्या खर्चाने. तुम्ही म्हणाल तेव्हा."

त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. "आता हा एवढाच जातो," ते म्हणाले आणि हात परत मांडीवर ठेवला.

वाटेत जुळवून आणलेलं बोलणं माझ्याकडे अजून बरंच शिल्लक होतं. त्यातलं काही कामाचं नव्हतं. वहिनी दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोरच बोललो.

"दादा, मी तुमच्याशी खोटं बोललो. मला तुमचा सूर हवा होता आणि तुम्ही नको होतात. माझं चुकलं. मला माफ करा."