मामांचा आग्रह

पान वाढलेलं असूनही माणसाला उपाशी बसवून ठेवणारी खानावळ साऱ्या हिंदुस्थानात एकच होऊन गेली, आणि ती आमच्या बऱ्हाणपुरात माझ्या बायकोच्या मामांनी चालवली. तेव्हा संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. प्रांतांच्या सीमा अशा सरकत होत्या की आपण आज कुठल्या राज्यात उठलो हे पेपर वाचून कळायचं. जवळच नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहत होता, त्यामुळे रोज गाडीतून नाना मुलखांची माणसं उतरायची, आणि माणसांमागून त्यांची जेवणं. सिंधी मंडळींनी शनवारा पेठेत दाल-पकवान सुरू केलं, एका सरदारजींनी भट्टी पेटवली आणि मामांच्या अगदी समोर एका मद्रासी अण्णांनी इडली-डोशाचं हॉटेल थाटलं. गावाला नव्या चवीचं वेडच लागलं. मामांना मात्र ही आपल्या चुलीवर चालून आलेली फौज वाटायची. "जावईबापू, पीठ आंबलं तर आपण गाईला घालतो. इथं त्याच्यावर हॉटेल चालतं! आणि आपलेच लोक लाइन लावून खातात. आता आपलं काही खरं नाही," असं ते मला भेटतील तेव्हा सांगायचे.

खरं तर मामींच्या हाताला तोड नव्हती. चुलीवर पालथं घातलेलं खापर, आणि मामी पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायच्या. बरोबर वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, झणझणीत शेवभाजी. एवढं असून खानावळ चालत नव्हती, कारण मामांनी ती लग्नघरासारखी चालवायला घेतली होती. पंगत भरल्याशिवाय वाढायचं नाही. सगळ्यांच्या पानात तूप पडल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. शेवटच्या माणसाचं आटोपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पहिला आलेला बिचारा केळीच्या पानासमोर नुसता वास घेत बसायचा. त्यात मामांचा आग्रह म्हणजे संकटच. पानावर कुणी हात आडवा धरला तर ते बोटांवरून तूप सोडायचे, आणि 'पुरे' हा शब्द त्यांना जन्मात कधी ऐकूच आला नाही.

एकदा ड्यूटीसाठी चांदनी स्टेशनला निघालेला रेल्वेचा एक बाबू पंगतीत सापडला. त्याचं जेवण केव्हाच झालं होतं, पण टोकाला दापोऱ्याचे केळीवाले पाटील बसले होते आणि मामा त्यांना "अर्धा, पाटील, माझ्या गळ्याची शपथ!" करत मांड्यावर मांडा वाढत होते. बाबू हातातलं घड्याळ दाखवून रडकुंडीला आला. मामा शांतपणे म्हणाले, "गाडीचं काय घेऊन बसले साहेब? ती उद्यापण येते. हा मांडा उद्या असा गरम येईल का?" गाडी गेली. बाबू दुसऱ्या दिवसापासून अण्णांकडे उभ्या उभ्या इडली खाऊन वेळेवर स्टेशन गाठू लागला. त्याच्या मागून सगळेच गेले.

"मामा, लोकांना घाई असते. येईल त्याला वाढत चला," मी सांगून पाहिलं. मामा दुखावले. म्हणाले, "घाईत जेवतो तो गिऱ्हाईक. आपल्याकडे पाहुणे येतात." या माणसापुढे काय बोलणार, कपाळ! आणि पाहुण्यांनी तर यायचंच बंद केलं होतं. संध्याकाळी मामी गार झालेले मांडे शेजारीपाजारी वाटायच्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "आता बंद करू या. माझे हात नाही दुखत, पण उरलेलं बघवत नाही."

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. दुपार टळली तरी पाट रिकामेच. मामा दारात उभे होते, आणि समोरून आले कोण, तर अण्णा! हात जोडून म्हणाले, "मामाजी, खाना मिलेगा?" मामांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा त्या रिकाम्या पाटांकडे. मग अण्णांना बसवलं, मलाही बसायची खूण केली आणि स्वतः त्यांच्या शेजारच्या पाटावर बसले. आपल्याच पंगतीत मामा पहिल्यांदाच बसत होते. मामींनी वाढलं. दुसऱ्या मांड्याला अण्णांनी पानावर हात आडवा धरला. मामांनी तो अलगद बाजूला सारला. "नहीं अण्णा, एक और. मेरी कसम." अण्णांनी मान खाली घातली ती वर करेनात. मग म्हणाले, "गांव छोड़ा, तब से 'और लो' किसी ने नहीं बोला." मी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं या माणसाला शिव्या घालणाऱ्या मामांनी तुपाचं भांडं ओढलं आणि त्यांच्या मांड्यावर धार सोडली. "खाओ, ठंडा हो जाएगा," ते म्हणाले.

खानावळ बंद झाली ती झालीच. गावात आता गल्लोगल्ली हॉटेलं आहेत आणि 'और कुछ?' सगळीकडेच विचारतात, पण ते बिल करायच्या आधी. मी अधूनमधून मामांकडे जातो. परवा म्हणाले, "जावईबापू, आपलं काय, दोन घास मिळतात. मामी तर अर्ध्या भाकरीत हात धुते. पण आता 'अजून घ्या' म्हणू कुणाला?" मी घरून जेवून गेलो होतो. तरी पाट ओढला आणि बसलो.