अकराव्या पायरीवरचा तांडेल

"हात काढ आधी!"

मदतीला पुढे झालेल्या माणसाच्या मनगटावर फटकन चापटी मारायची आणि हे सुनवायचं, ही आमच्या बंदरातल्या एका तांडेलाची, म्हणजे गलबताच्या म्होरक्याची, रीत. चापटी मी दोनदा खाल्ली आहे. तेव्हा मी बंदरकचेरीत कारकून होतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं बंदर लहान, पण कचेरी माडीवर. जिना एकोणीस पायऱ्यांचा, उभा आणि अरुंद.

तांडेल डोलकाठीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. लोकांनी त्याला ओटीवर बसवलं आणि हळहळून घेतलं. एकदा खलाशांनी झोळीत घालून लग्नाला नेलं. मांडवात उतरवल्यावर तो म्हणाला, "मी काय माशाची पाटी हाय? उचलली, ठेवली!" त्यानंतर तो झोळीत बसला नाही. गलबतावर मात्र जायचा. परभाणाच्या, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीच्या, दोरीला खुर्ची अडकवून स्वतःच स्वतःला वर ओढून घ्यायचा.

गलबताच्या शेठला ते रुचलं नाही. लुळा माणूस तांडेल कसा, त्याच्या पुतण्याला नेमा, असा अर्ज त्यानं केला. आमच्याकडे दर नारळी पुनवेनंतर गलबतांचे कागद नवे होत, आणि तांडेलानं स्वतः माडीवर येऊन सही करायची असा शिरस्ता होता. कचेरीच्या साहेबांनी त्यावरच बोट ठेवलं. "दुसऱ्याच्या खांद्यावरून आलेला चालणार नाही. स्वतःच्या बळावर वर आला, तर तांडेलकी त्याची. नाहीतर पुतण्याची."

मी हा निरोप द्यायला गेलो तेव्हा माझीच मान खाली होती. तांडेल हसला. "सायब पायांवर नाय म्हनले ना? बळावर म्हनले. मग झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खलाशांकडून जिन्यावर दोन लांब फळ्या टाकून घेतल्या. फळ्यांवर खुर्ची, वरच्या खांबाला गलबताची कप्पी, कप्पीतून आलेली दोरी त्याच्याच हातात. थोडी ओढायची, खुर्चीच्या खुंटीला वेढा द्यायचा, दम खायचा, पुन्हा ओढायची. खाली सारं बंदर गोळा झालं होतं.

पण जातीचा दर्यावर्दी! काथ्याचा दोर कामाला घेताना तो भिजवायचा, हे हाडात मुरलेलं. रात्रभर भिजलेला दोर फुगला आणि अकराव्या पायरीवर कप्पीत घट्ट अडकला. खुर्ची वर जाईना, खाली येईना. पुतण्या धावला.

"हात काढ आधी! तेल सोडा कप्पीत. तेल चालंल, हात नको."

मी वरून माशाचं तेल ओतलं. दोर काही हलेना. तांडेलानं कमरेची भाकरी सोडली आणि तिथंच खायला बसला. बारा वाजले. साहेब जेवायला निघाले, तर जिना बंद!

"अरे, मला घरी जायचंय!"

"मलाबी वर यायचंय, सायब. बघू, कोन आधी पोचतो."

खाली हशा पिकला. साहेब लालबुंद होऊन आत गेले. मी मात्र घाबरलो होतो. त्याचे दंड थरथरत होते, तळवे सोलले होते. वेढा सुटला असता तर माणूस गेला होता. उन्हं कलताना वाळलेला दोर एकदाचा सरकला. एक पायरी. मग दुसरी. शेवटी एकोणिसावी. त्यानं रक्ताळलेले हात धोतराला पुसले आणि सही केली. ती सही पाहून मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पुढे चार हंगाम तो तांडेल राहिला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथं भल्याभल्यांची गलबतं रुततात. हा खुर्चीसकट डोलकाठीवर चढायचा आणि तिथून पाण्याचा रंग बघून सुकाणूवाल्याला ओरडायचा.

पाचव्या वर्षी मंगळूरहून कौलं घेऊन गलबत आलं, ते पुतण्यानं आणलं. तांडेल तिकडेच तापानं गेला होता.

पुनव झाली. पुतण्या जिना चढून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी विचारलं, "तांडेलाचं नाव काय लिहू?"

"ह्या खेपेला काकाचंच रव्हांदे, दादा."

मी लिहिलं. साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"हा माणूस वारला ना?"

"होय, साहेब."

"मग खोडा."

"मी खोडणार नाही."

बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबाला नाही म्हणण्याची माझी ती पहिली वेळ. शब्द मी मागे घेतला नाही. साहेबांनी चष्मा लावून एकदा जिन्याकडे पाहिलं. मग त्यांनी सही ठोकली.

तो अख्खा हंगाम ते गलबत मेलेल्या माणसाच्या नावावर चाललं, आणि एकदाही वाळूत रुतलं नाही.