पहिल्या रांगेतली झोप

महाडला आमच्या नाटकाचा दुपारचा प्रयोग लागला, तेव्हा मी थोरल्या बहिणीसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली. सव्वीस वर्षांत तिनं मला रंगमंचावर एकदाही पाहिलं नव्हतं. सिनेमे पाहिले होते, तेही मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. तिथून मी एकोणिसाव्या वर्षी एका नाटक कंपनीबरोबर मुंबईला गेले आणि अंथरुणाला खिळलेल्या वडलांचं सगळं तिच्या वाट्याला आलं. ते गेल्यावर तिनं बिरवाडीत खोली घेतली आणि औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली.

त्या दौऱ्यातला तो अकरावा प्रयोग. घसा बसलेला, गुडघे सुजलेले. तरी ती आलीय म्हणून मी पहिला अंक जीव तोडून केला.

दुसऱ्या अंकात माझं एक मोठं स्वगत आहे. तिथं टाळ्या येतातच. मी पुढं आले, तिच्याकडं पाहिलं, तर ती झोपली होती. मान कललेली, तोंड अर्धवट उघडं, मांडीवर पिशवी. मी पुढचं वाक्यच विसरले. माझ्या मुलाचं काम करणाऱ्या नटानं सावरून घेतलं. प्रेक्षकांना काही कळलं नाही.

प्रयोगानंतर ती मेकअपच्या खोलीत आली.

"कसं झालं?" मी आरशातूनच विचारलं.

"पयला अंक बघितला. मग डोळाच लागला."

"इतकं कंटाळवाणं होतं?"

"नाय गो. आजची सुट्टी मिळावी म्हणून काल डबल ड्यूटी केली. तुझा आवाज कानावर पडला नि वाटलं, हाय ही इथंच. मग जागंच राहवेना."

तोंडावरचा रंग अर्धाच पुसून मी हात खाली ठेवले.

"मीपण दमलेय," मी म्हटलं.

हे मी कुणापाशीच बोलले नव्हते. मुलाखतींत तर रंगमंचावर पाऊल ठेवलं की थकवा पळतो, असंच सांगत आले होते. तिला मात्र नवल वाटलं नाही.

"मग चल घरी," ती म्हणाली.

त्या दिवशी जाता आलं नाही. दौऱ्याचे उरलेले तीन प्रयोग केले, निर्मात्याची बोलणी ऐकून घेतली आणि महिनाभराची रजा घेऊन बिरवाडीला गेले. ती पहाटे कारखान्याच्या बसला जायची, मी नऊ-दहापर्यंत झोपून राहायचे.

एका संध्याकाळी शेजारची बाई डोकावली. मी गाऊन घालून दारातच मेथी निवडत बसले होते.

"तुझी ती सिनेमातली बहीण येणार होती ना गो?" माझ्या डोक्यावरून तिनं आत विचारलं.

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"येईल सवडीनं," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.