मनुकांचे देठ

महिन्याचा पहिला रविवार आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा; येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेतात. त्यामुळे आदल्या शनिवारी आमच्या घरभर मनुकांचा वास असायचा. द्राक्षरस करायचं काम आईकडे होतं. काळ्या मनुका धुवायच्या, भिजवायच्या, उकळायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. विकतचा रस आणू या, असं मंडळीत कुणी सुचवलं की आई नुसतं नाक मुरडायची. देठ खुडायचं काम मात्र दादांचं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ओसरीवर ताट मांडीत घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते देठ काढत बसायचे. एवढी मेहनत करायची आणि रविवारी भाकरीचं ताट समोर आलं की हात न लावता शेजारच्याकडे सरकवायचं. रसाच्या पेल्यांचंही तेच.

आमच्याकडे बायका डाव्या बाजूला बसतात, पुरुष उजव्या. ताट दादांच्या बाकाशी पोचलं की आई मान वळवून बघायची. ते पुढे सरकलं की पदर सारखा करून पुन्हा समोर बघायची. आपल्या माणसाने एकदा तरी ती भाकर खावी, आपल्या हातचा तो घोटभर रस प्यावा, एवढंच तिला हवं होतं. तोंडाने कधी बोलली नाही. तिच्या शेजारी बसून मलाच दादांचा राग यायचा.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. दादा पाथर्डीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचे. एका वळणावर समोरून चुकीच्या बाजूने मोटारसायकल आली आणि ती चालवणारा तरुण जागीच गेला. कोर्टात दादा निर्दोष सुटले. निकालाच्या दिवशी त्या तरुणाची आई कोर्टाबाहेर त्यांच्याजवळ आली. शेतात राबणारी बाई. म्हणाली, "डायव्हर, तुमची चूक न्हाई. माझंच लेकरू दामटत आलं हुतं. मनात काय ठिवू नका."

दादांनी जीप विकून टाकली. त्यानंतर त्यांनी प्रभुभोजन घेतलं नाही.

कोर्टाने सोडलं, त्या माउलीने सोडलं, आमच्या विश्वासाप्रमाणे वधस्तंभावर तर सगळ्यांचाच निकाल कधीचा लागलेला. सोडायला तयार नव्हते ते एकटे दादा. एका शनिवारी माझा तोल गेला. म्हटलं, "दादा, तुम्ही काय देवाच्या वरचे जज्ज लागून गेलात?"

त्यांनी हातातली मनुका ताटात ठेवली. "तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं. दगड मारला असता तरी सोसला असता. तिनं माफ केलं. ते मी कुठं ठिवू?"

कृपा, कृपा हा शब्द मी लहानपणापासून प्रवचनात ऐकत आले, झोपा काढत ऐकला म्हणा ना. तो कुणाला इतका जड होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मी केडगावचं माझं घर बंद करून माहेरी येऊन राहिले. आईला चर्चमध्ये येता येईना म्हणून पाळकसाहेब प्रभुभोजन घरी घेऊन येणार होते. रस दादांनी केला. थोडा करपला. वास आल्याबरोबर आईने अंथरुणातूनच नाक मुरडलं. किती दिवसांनी मी हसले.

पाळकसाहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. प्रार्थना करून त्यांनी भाकरीचा तुकडा आईच्या ओठांशी नेला. तिने तोंड मिटून घेतलं.

"आधी... त्येन्ला," ती म्हणाली.

दादा दाराशी उभे होते. "मी त्या लायकीचा न्हाई."

एकेक शब्द ओढत आई म्हणाली, "लायकी बगून... कुनाला... मिळतं का?"

दादा पायात चपला अडकवून बाहेर निघून गेले. पाळकसाहेबांनी बराच वेळ वाट पाहिली आणि तुकडा परत ताटात ठेवला. आई तशीच राहिली. मला दोघांचा संताप आला. एकाने घ्यायचं नाही आणि म्हणून दुसरीनेही घ्यायचं नाही, हा कुठला हट्ट! डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. ती न घेताच गेली तर?

पुढच्या महिन्यापर्यंत आईचं बोलणं थांबलं होतं. पाळकसाहेब आले, तिने पुन्हा ओठ मिटले आणि दादांकडे पाहत राहिली. नुसती पाहत राहिली. चर्चमध्ये मान वळवून पाहायची तसंच.

दादांनी हात पुढे केला. तुकडा तोंडात घालून ते कितीतरी वेळ चावत राहिले, मग पेला उचलून प्यायले. तेव्हा आईने तोंड उघडलं. तिला कोरडं गिळवत नव्हतं, म्हणून दादांनीच तिचा तुकडा रसात बुडवून भरवला. हनुवटीवर ओघळ आला तो खांद्यावरच्या टॉवेलने पुसला. तिघंही रडत होतो. पाळकसाहेब खिडकीकडे बघत होते.

आता आई बरी झाली की चर्चमध्ये बसून दादांना घेताना पाहील, असं मी मनाशी धरून चालले होते. तेवढं काही झालं नाही; ती त्याआधीच गेली.

मी केडगावला परतले, पण महिन्यातला तो शनिवार गावीच काढते. दादा देठ काढतात, मी रस उकळते. आईसारखा होत नाही. रविवारी मी मुद्दाम तिच्या जागेवर बसते. ताट दादांच्या बाकाशी गेलं की मान वळवते. ते भाकर घेतात, पेला रिकामा करतात आणि लगेच बायकांच्या बाजूला, थेट तिच्या जागेकडे बघतात. मी हलकेच मान डोलावते.

त्यांना तिथे मी दिसते. मग ते खाली बघतात.